मुका झालेला खेळ

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण ती एक दिवस आपल्यावरच उलटेल असे वापरताना कुणाला वाटत नाही. माझ्यावर ती गेल्या दिवाळीच्या सुटीत उलटली, आणि तीही संगणकावरच्या एका खेळापायी. हा लेख त्या खेळाच्या दुरुस्तीचा आहे. जुना संगणक, त्यातले साउंड कार्ड आणि आवाज का बिघडतो याची कारणे विद्यार्थ्यांना समजावीत हा मुख्य हेतू. एका कबुलीजबाबाचेही थोडे काम त्यात आहे. ते शेवटी येईल.

आमच्या घरी १९९५ साली संगणक आला. वडिलांना हिशेबाच्या कामासाठी तो हवा होता. आम्हां दोघां भावांना तो कशासाठी हवा होता हे सांगायला नको. ‘डूम’ नावाचा एक अमेरिकन खेळ १९९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला होता. त्याचा पहिला भाग फुकट वाटण्याची मुभा असल्यामुळे तो फ्लॉप्यांवरून गावोगाव फिरत होता. तसाच तो बेळगावलाही पोहोचला. त्या खेळाचा अर्धा जीव त्याच्या आवाजात आहे. अंधाऱ्या दालनात शत्रू दिसण्याआधी त्याची गुरगुर ऐकू येते, पाठीमागे कुठे तरी दार सरकल्याचा आवाज होतो. कान झाकून तो खेळावा तर गंमतही जाते आणि खेळाडूही लवकर मरतो.

१९९८ साली घरात इंटरनेटसाठी मोडेमचे कार्ड बसवून घेतले. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने, तो तेव्हा नववीत होता, कॅबिनेट उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ साफ केली. त्यानंतर मी डूम लावला तो संगीत चालू, पण बंदूक मुकी! कधी एखादा आवाज सुरू होई आणि तबकडीवर सुई अडकावी तसा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे सर्वज्ञ होतो. मी निकाल दिला : “याने ब्रश फिरवून अर्धे कार्ड जाळले.” वडिलांनी भावाला संगणकाला हात लावायची बंदी केली. पुढे बंदी उठली. पण तो त्या टेबलाकडे फिरकला नाही.

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनात जुने संगणक चालते करून मांडायचे ठरले, म्हणून मी तो संगणक माळ्यावरून खाली काढला. त्याला पुन्हा बोलता करण्यात माझे चार दिवस गेले. ते चार दिवस कसे गेले ते क्रमाने सांगतो, कारण दोष शोधण्याचा क्रमच इथे महत्त्वाचा आहे.

प्रथम बाहेरची पाहणी

जुना संगणक माळ्यावरून काढला की लगेच विजेला जोडू नये. आत मदरबोर्डवर घड्याळासाठी एक लहान बॅटरी असते. काही बोर्डांवर ती पिंपाच्या आकाराची असते, आणि वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यातून क्षार झिरपून तांब्याच्या बारीक रेषा खातो. माझी बॅटरी मेलेली होती, पण झिरपलेली नव्हती. हा निव्वळ नशिबाचा भाग.

दुसरे, आपल्याकडचा पावसाळा. कार्डाच्या ज्या सोनेरी कडा स्लॉटमध्ये बसतात त्यांवर चार महिन्यांच्या ओलाव्याने काजळी धरते. वीज भिंतीवरून बंद करून कार्ड काढावे, त्या कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्या, भुगा झटकावा आणि कार्ड सरळ दाबून बसवावे. कितीतरी ‘जळालेली’ कार्डे एवढ्याने जिवंत होतात.

तिसरे, स्पीकर. ते आधी रेडिओला किंवा मोबाइलला लावून वाजतात की नाही ते पाहावे. मग त्यांची पिन कार्डाच्या योग्य भोकात आहे ना ते पाहावे. जुन्या कार्डांच्या भोकांना आजच्यासारखे रंग नसत. मायक्रोफोनच्या भोकात स्पीकर लावून तासभर चिंतन करणारे मी पाहिले आहेत. काही कार्डांना पाठीमागे आवाज कमीजास्त करण्याची चकतीही असे. शिवाय कार्डाबरोबर आलेल्या मिक्सरच्या प्रोग्राममध्ये आवाज शून्यावर नाही ना, तेही पाहावे.

हे सारे मी केले. संगीत वाजू लागले, पण बंदूक मुकी ती मुकीच. सत्तावीस वर्षांपूर्वीचा रोग जसाच्या तसा हजर. “बघा, अर्धे कार्ड जळालेले आहे,” असे मी पुन्हा म्हणालो. पण या वेळी ऐकायला भाऊ नव्हता. भौतिकशास्त्राचे आमचे एक सहकारी होते. याच अंकाच्या कन्नड विभागात ते नेहमी लिहितात. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, संगीत वाजतंय ना? मग कार्ड जळालं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

एका कार्डात दोन वाजंत्री

उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. १९८१ साली आलेल्या पहिल्या आय.बी.एम. पी.सी.त साउंड कार्ड नव्हतेच. आत एक छोटा स्पीकर होता. सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके पडणारे एक घड्याळ, आणि त्या ठोक्यांना एखाद्या संख्येने भागून उरेल तेवढ्या कंपनांचा आवाज काढायचा, एवढीच त्याची विद्या. २७१२ ने भागले की सुमारे ४४० कंपनांचा सूर मिळतो. आमच्या पिढीने शाळेच्या प्रयोगशाळेत खेळलेला ‘डेंजरस डेव्ह’ या स्पीकरवरच टीं-टूं करीत असे. म्हणून तो खेळ वाजला याचा अर्थ साउंड कार्ड ठीक आहे असा होत नाही. कार्डाचा त्याच्याशी संबंधच येत नाही.

१९८७ साली कॅनडातून ‘ॲडलिब’ नावाचे कार्ड आले. त्यावर यामाहा कंपनीची सूर निर्माण करणारी चिप होती. १९८९ साली सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ आणले. त्यात तीच यामाहाची चिप ठेवली, आणि शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय जोडली. खेळ लिहिणाऱ्यांना एकाच कार्डात दोन्ही मिळाले. पुढे इतर कंपन्यांना आपली कार्डे खपवण्यासाठी ‘साउंड ब्लास्टरशी जुळणारे’ असे खोक्यावर छापावे लागले.

सारी मेख इथेच आहे. एकाच कार्डात दोन वेगळे वाजंत्री बसले आहेत. पहिला पेटीवाला. त्याच्या हाती नुसते नोटेशन द्यायचे : हा सूर धर, तो सोड. सूर तो स्वतः काढतो. डूमचे संगीत साध्या कार्डावर असे वाजते. दुसऱ्याला स्वतःचे काही येत नाही. मुद्रित केलेला आवाज त्याला दाणा दाणा भरवावा लागतो. डूममधला बंदुकीचा किंवा दाराचा आवाज म्हणजे सेकंदाला ११,०२५ आकडे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. हे आकडे ठरल्या वेगाने पोहोचले तरच आवाज उमटतो.

संगीत वाजते याचा अर्थ स्पीकर, तार, मिक्सर आणि कार्डाचा विद्युत्पुरवठा ही सारी मंडळी निर्दोष. दोष असलाच तर दाणे भरवण्याच्या व्यवस्थेत. ‘अर्धे कार्ड जळाले’ हे अशक्य नव्हते, पण ते सर्वांत शेवटी मानायचे कारण होते. मी ते सर्वांत आधी मानले.

शिपाई, घंटा आणि घरनंबर

ही व्यवस्था कळायला आपल्या महाविद्यालयाचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. प्राचार्य म्हणजे प्रोसेसर. त्यांनीच उठून सेकंदाला ११,०२५ वेळा एकेक कागद खालच्या मजल्यावर नेऊन द्यायचा ठरवले, तर दुसरे काम होणे नाही. म्हणून एक शिपाई असतो. प्राचार्य त्याला गठ्ठा दाखवतात, “हा खाली पोहोचव” म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. संगणकात या शिपायाला डी.एम.ए. म्हणतात. शिपाई अनेक, म्हणून त्यांना क्रमांक. साउंड ब्लास्टरकडे बहुधा १ नंबरचा शिपाई.

गठ्ठा संपला की खालून घंटा वाजते, “पुढचा पाठवा.” ही घंटा म्हणजे आय.आर.क्यू. प्रत्येक खात्याची घंटा वेगळ्या नंबरची, म्हणून कोण बोलावते आहे ते प्राचार्यांना कळते.

आणि हुकूम कुठे धाडायचा तो घरनंबर म्हणजे पोर्ट. साउंड ब्लास्टरचा नेहमीचा घरनंबर २२०.

घंटेचा नंबर चुकला तर काय होईल? पहिला गठ्ठा खाली पोहोचेल, वाजेल, संपेल. घंटा वाजेल, पण ती प्राचार्यांच्या कानी जाणार नाही. मग दोनच गोष्टी संभवतात : एकतर तुकडा वाजून शांतता, नाही तर शिपाई तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा नेत राहणार आणि सुई अडकल्यासारखा तोच आवाज येत राहणार. पेटीवाल्याला मात्र ना शिपाई लागतो ना घंटा. तो आपला सुरात वाजवीत राहतो. माझ्या संगणकाची लक्षणे तंतोतंत हीच होती. १९९८ सालीही हीच होती.

जुन्या डॉसच्या खेळांना हे नंबर आपोआप कळतीलच असे नाही. बरेच खेळ ‘ब्लास्टर’ नावाची एक ओळ वाचतात. संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘ऑटोएक्झेक’ फायलीत ती लिहिलेली असते : ए२२० आय५ डी१, म्हणजे घरनंबर २२०, घंटा ५, शिपाई १. डूम आपले आकडे स्वतःच्या वेगळ्या फायलीत लिहून ठेवतो. खेळ सांगितल्या नंबरावर विश्वास ठेवून चालतो, म्हणून कार्ड, ही ओळ आणि खेळाची फाइल या तिघांचे आकडे जुळले पाहिजेत.

इथे माझी एक फजिती झाली. डूमच्या फायलीत घरनंबरापुढे ५४४ लिहिलेले दिसले. “सापडला चोर!” असे म्हणून मी तिथे २२० घातले. खेळ सुरू होतानाच अडकला. तासाभराने उजेड पडला. कार्डावरचे २२० हे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतले आहे. आपल्या दशमान पद्धतीत २ गुणिले २५६ अधिक २ गुणिले १६, म्हणजे ५४४. फाइल बरोबर होती. मी ती बिघडवून भलत्याच चिपच्या दारात हुकूम धाडत होतो. सहकारी म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी जुना आकडा लिहून ठेवा.” मी तो लिहून ठेवला नसता तर आणखी एक दिवस गेला असता.

पाच नंबरची घंटा कुणाची?

सारे आकडे जुळत होते. घरनंबर २२०, शिपाई १, घंटा ५. कार्डावरची टिकलीएवढी जंपरची टोपीही ५ वरच. कार्डाबरोबर आलेल्या फ्लॉपीत तपासणीचा प्रोग्राम होता, तो चालवला. कार्ड त्याला सापडले. घंटेच्या परीक्षेत मात्र कार्ड नापास. म्हणजे कार्ड पाच नंबरची घंटा दाबत होते, पण ती वाजत नव्हती. तार कुणी तरी धरून बसले होते.

कोण, हे शोधण्याची रीत सोपी आणि कंटाळवाणी आहे. चित्र दाखवणारे कार्ड आणि डिस्क जोडलेले कार्ड सोडून बाकीची एकेक कार्डे काढायची आणि प्रत्येक वेळी खेळ लावून पाहायचा. माझ्या संगणकात काढण्यासारखे कार्ड एकच होते, ते म्हणजे १९९८ सालचे मोडेम. ते काढले. संगणक लावला. डूम सुरू केला. दार उघडले, आणि ते सरकल्याचा आवाज झाला. सत्तावीस वर्षांनी!

मोडेमवरची जंपरची टोपी पाहिली. तीही ५ वर.

बसवणाऱ्याने असे का केले असेल? पहिल्या पी.सी.त घंटा आठच होत्या. १९८४ च्या ए.टी. संगणकात त्या सोळा झाल्या. त्यांतली एक दोन चिपांना जोडण्यात खर्ची पडते. ० घड्याळाची, १ कीबोर्डची, ३ आणि ४ सीरियल पोर्टांच्या (आमचा माउस त्यांतल्याच एकावर), ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची, १४ हार्ड डिस्कची. दहाच्या पुढच्या काही मोकळ्या होत्या. पण आखूड स्लॉटच्या कार्डाचे हात त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण त्या तारा लांब स्लॉटच्या वाढीव भागात असतात. आमचे मोडेम आखूड होते. त्याला सरळ दिसणारी मोकळी जागा पाचच, आणि तिथे साउंड कार्ड आधीच बसलेले. सभ्य कार्ड काम नसताना तार सोडून देते. हे धरून बसणारे निघाले. बसवणाऱ्याने फोनचा आवाज ऐकला, इंटरनेट लागल्याचे पाहिले आणि तो गेला. त्याचे काम त्याच्यापुरते चोख होते. दोन्ही कार्डे धडधाकट होती; एका तारेवर दोघांना बसवले, एवढाच दोष.

आणि ब्रश? ब्रशाने धूळ गेली. दुसरे काहीही झाले नाही.

आजच्या संगणकावर

विद्यार्थी म्हणतील, आमच्याकडे असला संगणक नाही. आम्हांला याचे काय? आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे खेळ थेट चालत नाहीत. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचा प्रोग्राम २००२ पासून फुकट मिळतो. तो संगणकात जुन्या संगणकाची नक्कल उभी करतो, आणि नक्कल इतकी इमानी की शिपाई, घंटा आणि घरनंबरही त्यात आहेत. मात्र डॉसबॉक्समध्ये घंटा मुळात ७ वर ठेवलेली असते, आणि जुन्या खेळांच्या फायलींत पुष्कळदा ५ लिहिलेले असते. मग तुमच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही संगीत वाजते आणि बंदूक मुकी राहते. औषध तेच : दोन्हीकडे एकच आकडा लिहा.

आता लक्षणे आणि निदान थोडक्यात, कात्रण करून ठेवता येईल असे :

१. काहीच ऐकू येत नाही : स्पीकर, पिन, चकती, मिक्सर, मग कार्डाच्या कडा, मग खेळाच्या ‘सेटअप’मध्ये योग्य कार्ड निवडले आहे का.

२. संगीत आहे, बाकी आवाज नाहीत : शिपाई किंवा घंटा चुकली. कार्ड जळाले असे म्हणू नका.

३. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो : बहुधा घंटा. दुसरे कोणते कार्ड त्याच नंबरवर आहे ते शोधा.

४. बाकी आवाज आहेत, संगीत नाही : डूमच्या सेटअपमध्ये संगीताचे कार्ड वेगळे निवडावे लागते, ते राहून गेले असेल.

५. डॉसबॉक्समध्ये आवाज तुटतो, करकरतो : नक्कल केलेल्या प्रोसेसरचा वेग आपल्या संगणकाच्या ताकदीपलीकडे मागितला आहे. तो कमी करा.

आता कबुली. त्या रात्री मी बडोद्याला भावाला फोन लावला. तो तिथे व्यापारात आहे आणि चांगला स्थिरावला आहे. माझ्या एका वाक्याने त्याचे आयुष्य फिरले वगैरे मी म्हणणार नाही. पण यंत्र उघडून पाहायची ओढ आम्हां दोघांत त्याला अधिक होती, आणि ती मी पुराव्यावाचून मोडली, हे मला ठाऊक आहे. मी त्याला घंटा, तार, मोडेम सारे समजावून सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. मग म्हणाला, “दादा, मी तेव्हा म्हटलं होतं, मोडेम आल्यापासून झालंय. तू ऐकलं नाहीस.”

तो म्हणाला होता. मला आठवले.

मी फोन स्पीकरजवळ धरला आणि खेळातले दार उघडले. पलीकडून तो हसल्याचे ऐकू आले. दिवाळीत येतो म्हणाला; कॅबिनेट मात्र आपण स्वतः उघडणार, अशी त्याची अट आहे. ब्रश मी आणून ठेवला आहे.